हत्यारांची यादी

चहा गार व्हायच्या आत सांगून टाकतो, पण एक कबूल करा. हे माझ्या घरात कुणी बोलायचं नाही. माणसाच्या हातून चूक होते. कुणाचं पाकीट हरवतं, कुणाची गाडी चुकते. मी एका सकाळी एक अख्खं गाव निःशस्त्र करून ठेवलं होतं. तेही आवाज न चढवता, हातात वही-पेन्सिल घेऊन.

बेचाळीसच्या चळवळीनंतरची गोष्ट. मी सांगलीला एका शाळेत ड्रॉइंग मास्तर होतो. वय चोवीस, अंगावर जबाबदारी काही नाही, आणि नाद सुऱ्यांचा. कुणाला तंबाखूचा असतो, कुणाला तमाशाचा. मला कट्यारी, बिचवे, जंबिये, शेतकऱ्याच्या कमरेच्या जुन्या सुऱ्या यांचा. पातं मुठीत पक्कं बसवलेलं पाहिजे. मिटणाऱ्या चाकूला मी चाकूच मानत नसे. खाटेखाली एक ट्रंक भरून माल होता आणि प्रत्येकाचं चित्र वहीत. पातं किती बोटं, मूठ शिंगाची की शिसवीची, लोहार कुठला, सगळं टिपलेलं.

त्यातली लाडकी म्हणजे खुकरी. मावसभाऊ फौजेत होता, त्यानं एका गुरखा दोस्ताकडून आणून दिलेली. जड, वाकडं पातं, आणि म्यानाच्या मागच्या खोबणीत बोटाएवढ्या दोन चिमुकल्या सुऱ्या. ही कमरेला लावून मी सुट्टीला सायकलवरून रानोमाळ हिंडायचो. तिचा उपयोग काय केला म्हणाल, तर एकदा एक पेरू कापला होता.

तर तुळशीचं लग्न झाल्यानंतरचे दिवस. इस्लामपूरच्या बाजारात एका शेतकऱ्याच्या कमरेला मी एक सुरी पाहिली. काय घडवली होती. विचारलं तर म्हणाला, गणपा लोहारानं केली, आमच्या गावचा. गावाचं नाव मी सांगत नाही. पुढच्या आठवड्यात जोडून सुट्टी आली, पहिल्याच सकाळी मी तिथं हजर. सायकलवर ऊन लागतं म्हणून अंगात खाकी शर्ट, खाकी अर्धी चड्डी, गुडघ्यापर्यंत मोजे, डोक्याला साहेबी सोला टोपी. खिशात वही. कमरेला खुकरी.

तुम्ही हसताय. मला तेव्हा काही वाटलं नाही.

पारावर एक पिकल्या मिशांचे गृहस्थ बसले होते. तात्या हवालदार. पहिल्या लढाईत जाऊन आलेले पेन्शनर. मी सायकल लावली, वही काढली आणि अगदी नम्रपणे विचारलं, “या गावात कुणाकुणाकडे हत्यारं आहेत? मला सगळ्यांची यादी करायची आहे.”

तात्यांनी आधी माझ्या टोपीकडे बघितलं, मग कमरेकडे.

“हत्यारं?” ते म्हणाले. “आमच्या गावात न्हाईत.”

“गणपा लोहार इथलाच ना?”

“हाय. पर आता त्यो बी न्हाई.”

त्या साली आमच्या मुलखाची काय दशा होती, हे आज तुम्हाला सांगायला हवं. भूमिगत मंडळी रानात, उसात दडलेली. त्यांच्या शोधात पोलीस गावोगाव फिरायचे, घरं उलथीपालथी करायचे, कोयता सापडला तरी माणूस धरून न्यायचे. आणि पोलिसांचा खबऱ्या गावाच्या हाती लागला, तर तो परत जाताना आपल्या पायांनी चालत जायचा नाही. हे सगळं मला ठाऊक होतं. पण नादी माणसाला ठाऊक असणं वेगळं आणि डोक्यात शिरणं वेगळं.

मी आपला घरोघर फिरू लागलो. मी एका आळीत शिरलो की पुढच्या आळीत पळापळ. माणसं कामाच्या गडबडीत आहेत, असं मी समजत होतो. लोहाराची जागा मी हुडकून काढली. भट्टीत पाणी ओतलेलं, वाफ अजून निघत होती, आणि समोर एक धिप्पाड माणूस हात झाडत उभा.

“गणपा लोहार आपणच?”

“न्हाई जी. मी सुतार हाय.”

“मग ही ऐरण?”

“ही बसाय.” आणि खरोखरच तो तिच्यावर बसला.

पुढं लिंबाखाली एक तरणा गडी बसला होता. हळद लागलेला, एक गाल गुळगुळीत, दुसऱ्या गालावर साबणाचा फेस वाळलेला. न्हावी कुठं गेला म्हणून विचारलं, तर म्हणाला, “आमच्या गावात न्हावी नसतो.” एका घरी लग्नाच्या स्वयंपाकाची तयारी दिसली. भोपळे आणि वांगी ढिगानं पडलेली, आणि दोघी-तिघी बाया त्यांच्याकडे नुसत्या बघत बसलेल्या. मी म्हटलं, विळी-बिळी काही जुनी असेल तर दाखवा. त्यातली एक म्हणाली, आमच्यात भाजी हातानंच मोडत्यात. भोपळासुद्धा का, हे विचारायचं मला सुचलं नाही. मी वहीत लिहिलं, ‘या गावी लोखंडाचा वापर फारच कमी.’

दुपार झाली. निराश होऊन पाराशी आलो आणि सायकल काढणार, तेवढ्यात भोपळ्याच्या घरातली मोठी बाई तरातरा चालत आली. सोनाक्का. त्या अर्ध्या दाढीच्या नवरदेवाची, शिवाची आई. नवरा वारलेला, घर आणि मळा तिच्याच हातात. मागं चार-सहा जवान पोरं, प्रत्येकाच्या हातात काठी. ती पोरांना मागंच थांबवून एकटी पुढं आली.

“सायेब,” ती म्हणाली, “विळी माजी हाय. कोयतं बी माजंच. कागदावर माजं नाव घाला आन् मला घिऊन चला. पर पोराला हात लावू नका. उद्या त्याचं लगीन हाय.”

मी तिच्याकडे बघतच राहिलो. तिनं खरोखरच जायची तयारी केली होती. पदर खोचलेला, हातात भाकरीचं फडकं. आणि मग, इतक्या उशिरा, सगळा उजेड पडला. मी टोपी काढली. वहीच तिच्या हातात दिली.

तिनं पान उलटलं. कट्यार. दुसरं उलटलं. बिचवा. तिसऱ्या पानावर शिंगाची मूठ, रंगीत पेन्सिलीनं छाया देऊन काढलेली.

“ही चित्रं हायती,” ती म्हणाली.

“मी ड्रॉइंग मास्तर आहे,” मी म्हटलं. “सांगलीला. मला... आवडतात सुऱ्या.”

पोरांच्या काठ्या खाली आल्या. सोनाक्का पारावर मट्कन बसली आणि पदरात तोंड घालून हसायला लागली. मग मला दिसलं की ती हसता हसता रडत पण होती.

हसून झाल्यावर मी विचारलं, मग गावातली हत्यारं आहेत कुठं? तात्यांनी विहिरीकडे बोट केलं. कोयते, विळ्या, सुऱ्या, न्हाव्याचे वस्तरे, सगळं एका पोत्यात घालून, वर जात्याची तळी बांधून, विहिरीत सोडलं होतं. तीन पुरुष पाणी. पोरांनी बुड्या मारल्या, पोतं हलेना. शेजारच्या वाडीवरून विळ्या आणायला माणूस पळवला. तो हात हलवत परत आला. खाकी सायेबाची बातमी वाडीला आधीच पोचली होती, आणि त्यांची विहीर इथल्याहून खोल होती.

पंचक्रोशीत आता एकच हत्यार शिल्लक होतं. ते माझ्या कमरेला होतं.

सोनाक्कानं ते मागितलं नाही. तिनं फक्त वांग्यांच्या ढिगाकडे बघितलं आणि मग माझ्याकडे.

मी बैठक मारली. भोपळ्याला खुकरी नामी निघाली, एका घावात दोन फाका. वांग्याला मात्र ती म्हणजे माशी मारायला मुसळ. शिवाय धार नाही. वर्षानुवर्षं मी ती तेल लावून पुसत आलो होतो, दगडावर कधी घासलीच नव्हती. सोनाक्का म्हणाली, “मास्तर, ह्ये कापतं का नुसतं चमकतं?” तेव्हा सुतार ऐरणीवरून उठला, पुन्हा लोहार झाला, आणि त्यानं अशी धार काढून दिली की बघत राहावं. धार कशी राखायची, पातं फळावर कसं टेकवायचं, बोटं कुठं ठेवायची, हे त्यानं शेजारी बसून मला शिकवलं. ट्रंकभर सुऱ्यांचा मालक मी. सुरी धरायला त्या दिवशी शिकलो. न्हावीही कुठूनसा उगवला. म्यानातल्या चिमुकल्या सुरीला गणपानं वस्तऱ्यासारखं पाणी दिलं आणि न्हाव्यानं तिच्यानंच शिवाचा दुसरा गाल उरकला. शिवा डोळे मिटून, जीव मुठीत धरून बसला होता. मीही.

अंधार पडेपर्यंत मी दोनशे माणसांची भाजी चिरली. तळहाताला फोड आले. सोनाक्कानं स्वतः त्यांवर हळद-तेल लावलं, ताटात गरम भाकरी वाढली, आणि सकाळच्या गोष्टीवर एक शब्द काढला नाही.

तो तात्यांनी काढला. दुसऱ्या दिवशी मांडवात माझ्या शेजारी बसून ते सांगत होते की, पोरांनी माझे पाय मोडायचं गोठ्यात बसून पक्कं केलं होतं. जागासुद्धा ठरली होती, ओढ्याच्या वळणावर. सोनाक्का आडवी आली. म्हणाली, आधी माणसाला इचारू तरी, आन् धरून न्ह्यायचंच असंल तर मी जाते. मी मांडवाच्या दाराकडे बघितलं. ती बाई पाहुण्यांचं स्वागत करत होती, घामाघूम. पुढं आयुष्यात मी पुष्कळांच्या पाया पडलो, पण जितक्या मनापासून त्या दुपारी पडलो, तितका कधी नाही. ती म्हणाली, “उठा मास्तर, पंगत बसतीया.”

पंगतीत मला मानानं व्याह्यांच्या शेजारी बसवलं. मुलीचे वडील, तालेवार ऊसवाले. जेवता जेवता त्यांनी वांग्याची एक फोड उचलली, उजेडाला धरली, फिरवून बघितली. मग दुसरी.

“भाजी कुनी चिरली?” त्यांनी विचारलं. “समद्या फोडी एका मापाच्या हायत. असं काम मी आजवर बघितलं न्हाई.”

सोनाक्कानं माझ्याकडे बोट केलं.

मी सांगणार होतो, की मी ड्रॉइंग मास्तर आहे, ही एक गंमत झाली. पण खरं सांगू? तीन वर्षं मी शाळेत फळ्यावर चित्रं काढत होतो. माझ्या कामाकडे इतकं निरखून तोवर कुणी बघितलं नव्हतं.

“आमच्या धाकटीचं माघात हाय,” व्याही म्हणाले. “पाचशे पान हुईल. मोकळं हायसा का?”

मी म्हटलं, “येतो.”

आणि गेलो. शाळेत आजारपणाची रजा टाकून.