तीन माळांचा उशीर

अर्ध्या तुरी पाखडून झाल्या होत्या, अर्ध्या सुपातच होत्या. मालनबाई सूप तसंच मांडीवर ठेवून लॅपटॉपकडं बघत बसल्या. बटण दाबल्यापासून जपाची दुसरी माळ संपत आली, तरी पडद्यावर काही उमटेना. आतून मात्र टक, टक असा आवाज, पालीनं चुकचुकावं तसा.

तीर्थपुरीच्या या घरात लॅपटॉप आणला तो मालनबाईंच्या नवऱ्यानं, सर्जेरावांनी, मास्तरकीतून निवृत्त झाल्यावर. एकादशीला पोथी वाचायचे, ती स्वतःच्या आवाजात त्यात भरून ठेवायचे. दोन वर्षांखाली, २००७ साली ते गेले. मागं राहिला तो आवाज. पोथी मालनबाईंना पाठच होती; त्या वाट बघायच्या ती एका जागेची. अध्याय ऐन रंगात आला की सर्जेराव मध्येच थांबून म्हणायचे, "मालन, चहा ठेवलास का?"

"ठेवला, ठेवला. वाचा तुम्ही पुढं," बाई लॅपटॉपला रोज उत्तर द्यायच्या.

भाकरी थापताना चुलीपाशी, निवडण करताना ओसरीवर, पाणी घालताना तुळशीपाशी; जिथं बाई तिथं लॅपटॉप. वाचन चालू असतानाच उचलायचा, लेकरू कडेवर घ्यावं तसा. माणूस वाचत असताना त्याला बंद कसं करायचं?

त्या दुपारी नणंदेचा मुलगा धर्मराज आला. परतूरला तो कॉम्प्युटर शिकवायचा.

"धर्मा, बघ रे बाबा. दिवाळीत अर्ध्या माळेत उघडायचा. संक्रांतीला एक लागली. आता तीन लागून राह्यल्या."

धर्मराज हसला. "लोकं घड्याळ लावतेत मामी, तुम्ही माळ लावली! देवाला वाटत असंल, काय जप वाढलाय बाईचा."

"मामासारखाच आहेस मेल्या. आधी बघ."

त्यानं डिस्कची तब्येत सांगणारा एक प्रोग्रॅम लावला. बऱ्याच वेळानं लाल खूण उमटली अन् त्याचं हसू मावळलं.

"माप बराबर हाय तुमचं. हार्ड डिस्क जाऊन राह्यली. मामाचा आवाज अजून कुठं उतरवून ठेवलाय का?"

"न्हाई रे. कुठं ठेवू?"

"हा पडला होता का कधी?"

"पडंल कसा? हातातून सोडत न्हाई मी. चालू असला तरी संगंच फिरवते."

धर्मराज हळूच म्हणाला, "तेच झालं, मामी. आत तबकडी गरगर फिरती, तिच्यावर केसाहूनही कमी अंतरावर सुई. चालू असताना हादरा बसला की ओरखडा पडतो."

"म्हंजे मीच केलं हे?"

"माहीत असतं तर केलं असतं का? आता ऐका. आवाज अजून शाबूत दिसून राह्यला. बाहेरून जोडायची डिस्क आणा, परवा मी येतो, एका दमात सगळं उतरवून घेऊ. तवर लावायचा न्हाई."

"एकदाच? चहा म्हणतेत तिथवर?"

"तेवढ्यातच डिस्क गेली तर?"

बाईंनी पदरानं पडदा पुसला. बंद करायचं बटण त्यांना माहीत होतं, पण हात पुढं जाईना.

"तू कर," त्या म्हणाल्या आणि तोंड फिरवलं. टकटक थांबली. ओसरीवर बसल्या बसल्या त्यांना आपला श्वास ऐकू येऊ लागला.

"कागदावर नाव लिहून दे त्या डिस्कचं," थोड्या वेळानं त्या म्हणाल्या. "दुकानदार उगंच भलतंच काही हातात द्यायचा."

सकाळच्या पहिल्या गाडीनं जालन्याला जाऊन बाहेरची हार्ड डिस्क आणायची होती.