नवं व्हर्जन आणि गुरुजींची फाइल

छापखान्यात कात्रणं आणि किस्से रोज साठतात. कात्रणं रद्दीवाला नेतो. किस्से कुणी नेत नाही, म्हणून आता तुम्हीच ऐका.

रत्नागिरीतल्या आमच्या छापखान्यात मी आणि शुभांगी कॉम्प्युटरवर मजकूर जुळवतो. मालक भाऊ. पानं लावायचं सॉफ्टवेअर इतकं जुनं झालं, की नवं व्हर्जन घेणं भागच पडलं. आणि नव्यात म्हणे आमचे जुने मराठी फॉन्ट चालत नाहीत! भाऊंनी मीटिंग घेतली.

"काय काय बिघडेल ते आधीच सांगा."

शुभांगी म्हणाली, "फॉन्ट जातील. जुन्या फाइली नीट उघडणार नाहीत. प्रिंटरचंही सांगता येत नाही."

"अगो, मग चालेल काय?"

"पंखा."

*

ठरलं असं, की जुन्या मशीनला हात लावायचा नाही, नवं व्हर्जन दुसऱ्या मशीनवर तपासायचं. तोवर जुनं टिकावं म्हणून भाऊंनी त्या कॉम्प्युटरला झेंडूचा हार घातला.

लांज्याहून एक गृहस्थ मुलाच्या लग्नाची पत्रिका छापायला आले. हार बघून त्यांनी चपला काढल्या, हात जोडले.

"कधी गेला हो?"

"अजून आहे," भाऊ म्हणाले. "पण तयारी ठेवलेली बरी."

*

त्यांचीच पत्रिका जुन्यावर जुळवली आणि चाचणी म्हणून नव्यावर उघडली. आकडे तेवढे शाबूत. बाकी सगळी टिंबं, कंस आणि इंग्रजी अक्षरं! चुकून तेच प्रूफ त्यांना गेलं. लग्न तोंडावर आलेलं, आमची पाचावर धारण.

संध्याकाळी फोन आला.

"जेवणाची वेळ साडेबारा करा. बाकी बरोबर आहे."

*

भाऊंनी सॉफ्टवेअरवाल्याला पुण्याला फोन लावला.

"काका, नव्या व्हर्जनमध्ये मागचं सगळं चालतं."

"आमचं चालत नाही ते?"

"तुमचं फारच मागचं आहे."

*

शेवटी ठरलं, महत्त्वाच्या फाइली नव्याने टाइप करायच्या. त्यात एक गुरुजींची निघाली. हे निवृत्त शिक्षक. स्वतःच्या निधनाचं कार्ड त्यांनी आमच्याकडे आधीच जुळवून ठेवलेलं, फक्त तारखेची जागा कोरी. "मुलं मुंबईला असतात, आणि शुद्धलेखन कच्चं," एवढंच कारण.

भाऊंनी चाचरत फोन केला. "गुरुजी, तुमची फाइल नव्यात उघडत नाही. पुन्हा टाइप करायला आठवडा तरी लागेल."



"हरकत नाही. थांबतो."

पुढच्या आठवड्यात गुरुजी स्वतः प्रूफ तपासायला आले. खुर्चीत बसून त्यांनी स्वतःचं निधन दोनदा वाचलं. एक वेलांटी दीर्घ केली. 'अल्पशा आजाराने' वर काट मारली. "ते आत्ताच कसं सांगणार?"

शुभांगीने विचारलं, "गुरुजी, अक्षर एवढंच ठेवू?"

"मोठं कर गो," गुरुजी म्हणाले. "तोवर वाचणाऱ्यांच्या चष्म्यांचे नंबर वाढलेले असणार."