मागच्या सीटचा वास

मधुमेहापायी सासऱ्यांचं डायलिसिस सुरू झालं तेव्हा मी गाडी चालवायला लागून जेमतेम आठ महिने झाले होते. नवरा डोलवीला कंपनीत, शिफ्टमध्ये. मी घरी शिवणकाम करते, म्हणजे सगळ्यांच्या दृष्टीने मी मोकळीच. त्यामुळे दर मंगळवारी आणि शुक्रवारी त्यांना रोह्याहून पेणला न्यायचं, चार तास थांबायचं आणि परत आणायचं, हे काम आपोआप माझ्याकडे आलं.

गाडी सेकंडहँड, पण आधीच्या मालकाने आतून फार जपलेली. सायीच्या रंगाच्या कापडी सीट. पहिल्याच महिन्यात परत येताना नागोठण्याच्या अलीकडे सासऱ्यांना उलटी झाली. डायलिसिसनंतर प्रेशर उतरतं, मळमळतं, आणि त्यात तो रस्ता. पिशवी हातातच होती, पण ती उघडेपर्यंत उशीर झाला. मी गाडी कडेला घेऊन मागे वळले, तर ते खांद्यावरच्या टॉवेलने सीट पुसत होते. पुसत कसले, घासून आत मुरवत होते.

"राहू द्या बाबा, घरी गेल्यावर बघते."

"नाय गो, डाग ऱ्हाईल."

ते भाताचे, वालाचे शेतकरी. उपचारासाठी गावाकडचं घर बंद करून आमच्याकडे राहायला आलेले. दुसऱ्याच्या वस्तूला आपल्यामुळे धक्का लागला तर माणूस दोन दिवस नीट जेवायचा नाही. आणि मुलाची गाडी त्यांच्या लेखी दुसऱ्याचीच वस्तू होती.

कापडावरचे डाग हा माझा रोजचा विषय. तेलाचा, हळदीचा, मशीनच्या वंगणाचा, सगळे काढलेत. त्या दिवशीही आधी चमच्याने वरचं खरवडून काढलं, गार पाण्याच्या फडक्याने टिपलं, खाण्याचा सोडा पसरून ठेवला, नंतर व्हिनेगरचं पाणी. डाग गेला. वास मात्र गेला नाही. कापड शिलाई उसवून काढता येतं, धुता येतं. खालचा फोम उसवता येत नाही. पाणी त्याच्यात जातं आणि तिथंच बसतं. मग उन्हात दारं उघडी टाकून गाडी ठेवायची, आणि वाळली म्हणेपर्यंत पुढचा मंगळवार यायचा.

पावसाळ्यात तर ऊनच नाही. आंबूस वासात बुरशीचा वास मिसळला. मी कापूर ठेवला, कोळसा ठेवला, शेजारणीच्या सांगण्यावरून कॉफीची पूडही वाटीत घालून सीटखाली ठेवली. ती एका खड्ड्यात सांडली आणि आणखी एक डाग झाला. त्या दिवशी मी दारातल्या ओट्यावर बसून नवऱ्याला फोनवर म्हटलं, "मला त्या गाडीत बसवत नाही. नाकात वास घेऊनच शिवायला बसते, आणि गिऱ्हाइकाच्या कपड्यालाही तोच येतो असं वाटतं."

तो म्हणाला, "रविवारी बघू." रविवारी त्याला ओव्हरटाइम लागला.

त्यानंतरच्या चार-पाच फेऱ्यांत सासऱ्यांना एकदाही उलटी झाली नाही. मला इतकं बरं वाटलं की का होत नाही, हे मी विचारलंसुद्धा नाही.

श्रावणातला एक शुक्रवार होता. जाताना वडखळच्या आधी मी आरशात पाहिलं तर त्यांची मान एका बाजूला कललेली. हाक मारली, ओ नाही. गाडी थांबवून मागचं दार उघडलं. अंग घामाने भिजलेलं, ओठ हलत होते पण शब्द कळत नव्हता. शुगरचे पेशंट आहेत, असं मी ओरडले तशी समोरच्या टपरीवाल्याने साखर आणून दिली. ती मी बोटाने त्यांच्या गालाच्या आत चोळत राहिले. दहा मिनिटांनी त्यांनी डोळे उघडले आणि आधी सीटकडे पाहिलं.

पेणला नर्सने विचारलं, "बाबा, सकाळी काय खाल्लं होतं?"

त्यांच्याआधी मीच म्हटलं, "भाकरी आणि दुधीची भाजी. मीच वाढली."

"मी बाबांना विचारत्येय."

"इंजेक्शन घेतलाय," ते म्हणाले. "खाल्ला नाय."

"का?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. "पोटात काय नसला तर बाहेर काय येनार? तिला किती वेला धुवायला लावू?"

मागल्या दारी कुत्र्याला ते भाकरी घालत होते. इन्सुलिन मात्र न चुकता टोचून घेत होते, कारण ते डॉक्टरांनी सांगितलेलं. ओट्यावरचं माझं फोनवरचं बोलणं त्यांनी खिडकीतून ऐकलं होतं. नर्सने फक्त त्यांची शुगर पुन्हा तपासली. ती मला रागावली असती तर सोपं गेलं असतं.

ते मशीनवर असताना मी बाहेर बाकावर बसले. रडू आलं नाही. रडायला जोर लागतो. परत निघताना मी त्यांना पुढच्या सीटवर बसवलं आणि म्हटलं, "बाबा, मी वैतागून बोलले. तुमच्यावर नाही, पण बोलले हे खरं. उलटी झाली तर मी धुवीन. तुम्ही असे बेशुद्ध पडलात तर मला काही करता येत नाही."

नागोठणं मागे पडल्यावर ते म्हणाले, "पुढं बसल्यावर कमी ढवलतंय."

इतके महिने त्यांना मागे आडवं होता यावं म्हणून मीच मागे बसवत होते.

त्या आठवड्यात मी मागची सीट आणि पुढची त्यांची सीट, दोन्हींवर रेक्झिनची कव्हरं शिवून चढवली. माझ्या मशीनवर रेक्झिन जड जातं, दोन सुया मोडल्या. ते शेजारी खुर्ची टाकून बसले आणि कापड धरून देत राहिले. उलट्या थांबल्या नाहीत, कमी झाल्या. झाली की मी घरी येऊन पुसायची, ते अंगणात बसून फडकं पिळून द्यायचे. दोन्ही हातांत पिळायची ताकद नव्हती, तरी द्यायचे. मीही घ्यायची.

असं दीड वर्ष चाललं. चैत्रात ते गेले, हॉस्पिटलमध्येच.

पंधरवड्यानंतर मी गाडी घेऊन पेणच्या एका वॉशिंग सेंटरला गेले. त्यांनी सीट खोलून बाहेर काढल्या, फोममध्ये साबणाचं पाणी सोडून मशीनने ओढून घेतलं. काळं पाणी बादलीत पडत होतं. धुणारा म्हणाला, "ताई, हे लय दिवसांचं हाय."

"हो," मी म्हटलं.

लोकांना असे वास जपून ठेवावेसे वाटतात म्हणे. मला तो जावा असंच वाटत होतं. सीट वाळायला वेळ लागणार होता, म्हणून त्याने मला पंख्याखाली खुर्ची दिली. मी बसल्या बसल्या झोपले. जाग आली तेव्हा दुपार टळली होती, गाडी सावलीत लावलेली होती आणि त्या माणसाने मला उठवलं नव्हतं.