बाबांच्या बाजूची स्क्रीन

कचेरीत तिला सगळे स्टेनोबाई म्हणत. खरं नाव पगारपत्रकावर होतं, ते तिथेच बरं, असं ती म्हणायची. मालक आणि कामगार यांच्या तक्रारी जिथे ऐकल्या जातात त्या कचेरीत ती एकोणीस वर्षं एकाच खुर्चीत बसत होती. वकील एकमेकांवर खेकसत, साक्षीदार घाम पुसत, साहेब पेंगत, आणि ती लिहून घेई. तोंडातून निघालेला शब्द तिने खाली पडू दिला नाही. आधी लघुलिपीत, मग टाइपरायटरवर, आता लॅपटॉपवर. माणूस बोलतो त्याच वेगाने तिची बोटं चालत, आणि ती चालत असताना तिचं डोकं बऱ्याचदा भलतीकडेच असे. हे मात्र तिने साहेबांना कधी सांगितलं नाही.

तिच्या पिशवीत लॅपटॉपशिवाय आणखी एक पातळ स्क्रीन असायची. शाळेच्या पाटीएवढी, वजनालाही साधारण तेवढीच. एकच वायर लावायची, त्यातून वीजही जाते आणि चित्रही. कव्हर मागे दुमडलं की तोच तिचा टेकू. ही स्क्रीन ती साक्षीदाराकडे तोंड करून ठेवी. पूर्वी जबानी शेवटी वाचून दाखवायचे आणि मग हटकून कुणीतरी म्हणायचं, मी असं बोललोच नव्हतो. मग तासभर तू तू मैं मैं. आता माणूस बोलतो आणि त्याचं बोलणं त्याच्यासमोर उमटतं, निम्मी भांडणं तिथेच मिटली. चुकलं असेल तर खाली नवी ओळ घालायची, वरचं पुसायचं नाही, हा तिथला नियम.

पहिल्याच आठवड्यात तिने आपली फजिती करून घेतली होती. दोन्ही स्क्रीनवर वेगवेगळं दिसायला हवं होतं, ते एकसारखं राहिलं. भर सुनावणीत साक्षीदाराला, दोन वकिलांना आणि मागच्या बाकांना तिची खासगी वही दिसली : बटाटे, साबण, धाकट्या भावाला फोन, आणि त्याखाली ‘साहेब अकरा वीसला घोरले’. साहेब भले माणूस. त्यांनी चष्मा लावून ते वाचलं आणि अकरा वीस नव्हे, अकरा पंचवीस असावेत, एवढीच दुरुस्ती सुचवली. तेव्हापासून समोरच्या बाजूला काय दिसतंय ते पाहिल्याशिवाय ती सुरुवात करत नसे.

घरी तर त्या स्क्रीनला उसंतच नव्हती. सकाळी ओट्यावरच्या फळीवर बातम्या. सुट्टीच्या दिवशी धाकटा भाऊ ती गिऱ्हाइकांकडे घेऊन जाई. त्याचा पत्र्याची कपाटं बनवायचा कारखाना. पूर्वी कागदावर आकृती दाखवली की लोक मान डोलवायचे आणि कपाट दारात आल्यावर म्हणायचे, अहो, तिजोरी डावीकडे हवी होती! आता तो लॅपटॉप मांडीवर घेऊन बसे, स्क्रीन नवरा-बायकोसमोर ठेवी आणि तिजोरी डावीकडे, उजवीकडे, वर, खाली हवी तितकी फिरवी. नवरा-बायकोचं त्यावरून जुंपलं तर हा निवांत चहा पीत बसे.

कारखाना मुळात बाबांचा. चाळीस वर्षं त्यांनी पत्रा ठोकला आणि त्या पत्र्याने त्यांचे कान खाल्ले. कानात घालायचं यंत्र आणलं तर त्यातून भांड्यांचा खणखणाट तेवढा ऐकू येई, शब्द काही सुटे होत नसत. आधी घरच्यांनी ओरडून पाहिलं. मग पाटीवर लिहून. आणि मग, सगळ्या घरांत होतं तेच झालं. ओरडायचा कंटाळा आला, लिहायचा त्याहून आला. बाबांनी विचारावं, काय म्हणाला तो? आणि कुणीतरी हात हलवून सांगावं, काही नाही. एके काळी बोलून बोलून समोरच्याला जेरीस आणणारा माणूस, आता चार जण हसले की दोन क्षण थांबून उगाच हसायचा. वाईट याचं नाही की लोक त्यांच्याशी बोलत नव्हते. वाईट याचं की लोक त्यांच्यासमोर काहीही बोलू लागले. आवाजसुद्धा खाली करायची कुणाला गरज वाटत नव्हती.

सहा वर्षांपूर्वी ती कायमची माहेरी आली, तेव्हापासून बाबांच्या घरात तीच होती. धाकटा दोन गल्ल्या सोडून राहायचा. एका रविवारी बाबांचा जुना भागीदार भेटायला आला. ती टेबलाच्या कोपऱ्यावर कचेरीचं राहिलेलं काम करत होती, स्क्रीन पलीकडे तोंड करून उभी होती. भागीदार बोलू लागला आणि तिची बोटं सवयीने त्याचंच बोलणं लिहू लागली. तिच्या ते लक्षातही आलं नाही. भागीदार सांगत होता की बायको त्याला म्हणते, तुमचं डोकं म्हणजे तुम्ही बनवलेलं कपाट, बाहेरून चकचकीत आणि आत नुसती हवा. तो हसला, धाकटा हसला, आणि त्याच वेळी, अगदी त्यांच्याबरोबर, बाबाही हसले. मागाहून नाही. तिने मान वर केली तेव्हा बाबा स्क्रीनवर बोट ठेवून पुढच्या ओळीची वाट बघत होते. ती उठून मोरीत गेली आणि नळ सोडून चांगली रडली.

त्यानंतर स्क्रीन संध्याकाळी बाबांच्या बाजूला लागू लागली. अक्षरं बोटभर मोठी. घरात जो बोलेल त्याचं बोलणं तिथे उमटे. धाकट्याची बायको म्हणायची, या घरात आता तोंड सांभाळून बोलावं लागतं. लागू दे की! बाबांचे कान गेल्यापासून सात वर्षं बेलगाम चालली होती तोंडं.

मग डोळ्यांचं सुरू झालं. बाबा म्हणू लागले, तुझी स्क्रीन वाकली आहे, मधली ओळ वेडीवाकडी दिसते. तिने स्क्रीन पुसली, तिरपी केली, वायर बदलली. तेवढ्यात कारखान्यात बाबांनी लागोपाठ दोन पत्रे वाकडे कापले. चाळीस वर्षांत ज्यांची रेघ केसभर हलली नाही त्यांनी. धाकट्याने पत्रे गुपचूप बाजूला ठेवले, आणि दोघं भावंडं बाबांना डोळ्यांच्या डॉक्टरकडे घेऊन गेली. तपासण्या झाल्या. आठवड्याने निकाल सांगायला बोलावलं.

दवाखान्याच्या जिन्यात धाकट्याने तिचा दंड धरला. बाबा दोन पायऱ्या पुढे होते. तो म्हणाला, चांगलं असेल तेवढंच लिही, वाईट असेल तर गाळ. झाकली मूठ राहू दे. ती म्हणाली, कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहतं का? तो म्हणाला, म्हणी काय सांगतेस, बाप आपला आहे. खरं सांगायचं तर वर पोचेपर्यंत तिचं काही ठरलं नव्हतं. एका बाजूला भावाचं पटत होतं. बाबांना कान नव्हतेच, आता हेही ऐकवायचं? दुसऱ्या बाजूला, आपण गाळायला लागलो तर बाबांच्या हातात राहिलं काय?

डॉक्टर तरुण होती. टेबलावर स्क्रीन पाहून तिला नवल वाटलं, आणि कशासाठी ते कळल्यावर तिने स्वतःच आपले कागद सरकवून जागा करून दिली. बाबा स्क्रीनसमोर सरसावून बसले. डॉक्टरने डोळ्याच्या मागच्या पडद्याचे फोटो पुढे ओढले, घसा साफ केला, आणि तेवढ्यात धाकटा बोलला. हळू नाही, नेहमीच्या आवाजात, बाबांसमोर इतकी वर्षं बोलत आला तसाच.

आणि स्टेनोबाईची बोटं चालली. पूर्णविराम पडल्यावर तिने पाहिलं काय लिहिलंय ते.

मुलगा : डॉक्टर, खरं काय ते आम्हाला सांगा. त्यांना कळायला नको. त्यांना फक्त आराम करा म्हणून सांगा.

एकोणीस वर्षांत जे केलं नव्हतं ते करायला तिचं बोट पुसायच्या बटणाकडे गेलं.

“पुसू नकोस,” बाबा म्हणाले.

मग त्यांनी ती ओळ मोठ्याने वाचली. ऐकू न येणाऱ्याला आपल्या आवाजाचा अंदाज नसतो, बाहेर बाकांवर बसलेल्यांनाही ती ऐकू गेली असणार. धाकटा भिंतीवरच्या तक्त्यातली अक्षरं बघत राहिला. बाबा रागावले नाहीत, निदान दिसले तरी नाहीत. त्यांनी डॉक्टरला सांगितलं, तुम्ही सावकाश बोला, माझी पोरगी एक शब्द सोडत नाही.

डॉक्टर सावकाश बोलली. डोळ्याच्या पडद्याचा मधला भाग झिजत चाललाय. गेलेलं परत येत नाही, उरलेलं जपायचा प्रयत्न करू. कडेचं दिसत राहील, घरात वावरता येईल, पण समोर जिथे नजर लावाल तिथेच धूसर होत जाईल. पत्रा कापायचं यंत्र आजपासून बंद. बाबांनी विचारलं, वाचणं? डॉक्टरने एकदा स्टेनोबाईच्या बोटांकडे पाहिलं. अक्षरं मोठी करत गेलात तर वर्षभर, फार तर दोन वर्षं. पुढचं खात्रीने सांगता येत नाही.

स्टेनोबाईने तेही लिहिलं. बोटभर अक्षरांत, बाबांच्या बाजूला. आपण बापाला काय वाढून ठेवतोय हे तिला एकेका अक्षराला कळत होतं, डोकं या वेळी भलतीकडे गेलं नाही.

तिघं घरी आली. धाकटा दारातूनच सटकायला बघत होता, पण बाबांनी त्याला खुर्ची दाखवली आणि तिला म्हणाले, लाव वायर. मग त्याला विचारलं, का लपवणार होतास? धाकटा बराच वेळ चपलेने फरशी घासत राहिला. त्याला वाटलं असणार, ताई आता तरी लिहिणं थांबवेल. ती थांबली नाही.

मुलगा : आई गेली तेव्हा चार महिने तुम्ही उठला नाहीत. जेवायला हाक मारली तर भिंतीकडे तोंड करायचात. मला वाटलं, परत तसं झालं तर मला नाही झेपणार. कारखाना मी चालवतो, बाबा, पण तुम्ही तिथे उभे नसलात की माझ्या हाताला घाम येतो.

बाबांनी दोनदा वाचलं. म्हणाले, उभा राहीन की. कापणार नाही, पण तुझ्या मानेवर उभा राहून डोकं खाईन, त्याला डोळे लागत नाहीत. धाकटा हसायला गेला आणि त्याला जमलं नाही. त्याने बाबांचा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला आणि तसाच बसून राहिला.

बऱ्याच वेळाने तो गेला. ती वायर काढायला उठली तर बाबा स्क्रीन धरून बसलेले. बोटाने एकेक ओळ मागे सरकवत होते. मुलगा, डॉक्टर, मुलगा. त्याच्याही वर, कालचं, परवाचं : सून, भागीदार, पुन्हा मुलगा.

“यात तू कुठेच नाहीस,” ते म्हणाले.

लिहून घेणाऱ्याचं नाव जबानीत नसतं, असं ती सांगणार होती. पण ही काय कचेरी होती?

“सहा वर्षं झाली तुला येऊन. का आलीस ते मला माहीत नाही. तेव्हा तू काहीतरी बोलली होतीस, मला ऐकू आलं नव्हतं. परत विचारायची लाज वाटली. आता दिसतंय तोवर सांग.”

ती बसली. तिने ‘मुलगी :’ असं लिहिलं, आणि माणसाच्या बोलण्याच्या वेगाने चालणारी तिची बोटं तिथेच अडली. बाबा स्क्रीनपासून नजर न हलवता वाट बघत होते. मग एकेक अक्षर शोधत, नव्याने टाइप शिकणारी मुलगी लिहील तसं तिने लिहिलं.

मुलगी : तो वाईट नव्हता, बाबा. मारत नव्हता, पीत नव्हता. त्या घरात अकरा वर्षं मला कुणी काही विचारलंच नाही.

बाबांनी नाक स्क्रीनला लागेल इतकं पुढे होऊन ते वाचलं. मग खुर्ची मागे सरकवली.

“मीही नाही विचारलं गं,” ते म्हणाले, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात.

आणि तिने खाली नवी ओळ घेतली.