जाळीचे दिवे आणि सिद्राम टर्नर

माझ्याकडे लेथ चालवणारा सिद्राम टर्नर गेल्याचं मला पंधरा दिवसांनी, तेही बाजारात कळलं. वाईट वाटलं, पण माझं वाक्य तयारच होतं : "माणूस गुणी, डोळ्यांनी दगा दिला बिचाऱ्याला." तीन वर्षं सोलापुरातल्या प्रत्येक वर्कशॉपात मी हेच सांगत आलो होतो. कुंभारीला त्याच्या घरीही हेच सांगायला गेलो.

दुष्काळ सरून यंत्रमागाच्या सुट्या भागांची कामं वाढली, तेव्हाची गोष्ट. माझ्या वर्कशॉपात प्रत्येक लेथवर नुसता बल्ब लोंबायचा. हादऱ्यानं त्याची तार तुटायची, लोखंडाचा कीस उडून काच फुटायची. "मालक, हत्याराच्या टोकावर सावली पडतीया, जरा दमदार दिवं बगा की," असं सिद्राम चारचौघांत म्हणाला आणि ते मला झोंबलं. मी चार तऱ्हांचे दिवे आणले, माळ्यावर चढलो आणि सगळ्यांदेखत एकेक फरशीवर टाकला. तीन फुटले. चौथा, बिडाच्या, म्हणजे ओतीव लोखंडाच्या कवचाचा, जाड काचेवर लोखंडी जाळी असलेला, घरंगळत भिंतीपर्यंत गेला. बल्ब बसवला तर लख्ख पेटला. माझी छाती फुगली... तेवढ्यावर थांबलो असतो तर!

तसला दिवा सिद्रामच्या लेथवर टांगून मी त्याच्या हाती नवाकोरा व्हर्नियर, बारीक आकडे कोरलेली मापपट्टी, दिला. "आता उजेड आहे ना? या शाफ्टचं माप वाच." त्यानं पट्टी जवळ नेली, लांब धरली, दिव्याखाली फिरवली. एरवी तो नमुन्याच्या शाफ्टला बिनआकड्यांचा कॅलिपर लावून हुबेहूब दुसरा उतरवायचा. पंधरा वर्षं त्यावरच निभली होती. "दिसंना, मालक," तो म्हणाला. "म्हणजे खोट दिव्यात नव्हती तर!" मी म्हणालो आणि सगळे हसले. मीच हसवलं त्यांना. आंधळा टर्नर मला नको म्हणून त्याच दुपारी त्याला घालवला. तो हात धुऊन निघून गेला. त्या दिवशी मला जेवण गोड लागलं, हे लपवत नाही.

कुंभारीत त्याची बायको गौराबाई गोधडी शिवत होती. माझं वाक्य ऐकून तिनं सुई थांबवली.

"डोळं? डोळं माझं गेल्यात, मालक. त्येंचं न्हाय. आकडं येत न्हवतं त्यास्नी. साळा कुटं बगितली हुती?"

"मग बोलला का नाही?"

"आंधळा म्हनू द्यात, अडानी नगं, म्हनायचं. तुमी गावभर सांगितल्यावर दुसऱ्या कुनी ठिवलं न्हाय. लई फिरलं... मग बसलं घरात."

मला लाज वाटली, पण त्या लाजेचा आता कुणाला काय उपयोग? आणि तो आंधळा नव्हता हे सांगायचं, तर त्यानं जन्मभर झाकलेलं चारचौघांत उघडं करायचं. तेही आज ही गोष्ट सांगून मीच करतोय.

गौराबाईच्या सुईतला दोरा संपला. तिनं चाचपडत एक चिंध्यांची गुंडाळी जवळ ओढली. तिच्यात ओवलेल्या सुया टोचलेल्या होत्या. "जायच्या आदल्या दिशी ओवून ठिवल्यात त्येंनी," ती म्हणाली आणि त्यातली एक उपसून पुन्हा टाके घालू लागली. मी मोजल्या. सहा उरल्या होत्या. त्या संपल्यावर कोण ओवून देणार, हे विचारायची माझी हिंमत झाली नाही.