दुधीच्या नूडल्स

आमच्या घरी पाच जणांत तीन भाकरी असत. पुढे मी घरातला पहिला पदवीधर झालो, नोकरी लागली आणि पोटही सुटलं. लग्न ठरलं, तर लग्नाच्या कोटाचं बटण लागेना. म्हणून दुधीच्या लांब शेवया किसून मी मेहकरच्या एका नूडल्सगाडीवर रोज नेऊ लागलो.

"बिनतेलाच्या परता," मी सांगे.

"हाव," म्हणून गाडीवाला माझ्याकडे आजाऱ्याकडे पाहावं तसा बघे.

दुधी इतका चवदार लागतो, हे मला कॉलेजातही कुणी शिकवलं नव्हतं. महिन्याभराने वजन उलट वाढलं, तेव्हा गाडीवाल्याला विचारलं.

"एवढे शिकून दुधी खाऊन राह्यले, मले पाहवेना भाऊ. मंग रोज त्यात तूप सोडत गेलो."

शिंप्याने कोट उसवून मोठा केला. लग्न त्याच कोटात झालं, बटण लावून.