ताईंच्या टाकीची लोकरीची टोपी

डॉ. सुनंदाताई वाघोलीकरांची आणि माझी पहिली भेट लोणच्यावरून झाली. इंदूरला भंवरकुआंच्या विद्यापीठात एम.एस्सी. करून, पहिल्या वर्गाचं प्रशस्तिपत्र छातीशी धरून मी आमच्या सरकारी रुग्णालयाच्या वंध्यत्व विभागात मुलाखतीला गेले होते. ताई विभागप्रमुख. त्यांनी प्रशस्तिपत्र न बघताच बाजूला सारलं आणि विचारलं, "घरी वर्षाचं लोणचं कोण घालतं?"

"आई."

"बरणीला तुम्ही हात लावता?"

"नाही. ती लावू देत नाही."

"का?"

मला राग आला. मी प्रयोगशाळेसाठी आले होते, स्वयंपाकघरासाठी नाही. तरी म्हटलं, "ओला हात लागला, झाकण नीट बसलं नाही, तर सगळं जातं. म्हणून ती स्वतःच बघते."

"मग सोमवारपासून या," ताई म्हणाल्या. "आमच्याकडे हेच काम आहे. फक्त आमची बरणी जरा जास्त थंड असते, आणि आत सगळं दुसऱ्यांचं असतं."

ती बरणी म्हणजे द्रव नायट्रोजनची टाकी. सरकारी खर्चानं टेस्ट ट्यूब बेबीचे उपचार घेणाऱ्या जोडप्यांचे बरेचदा एका वेळी चार-पाच भ्रूण तयार होतात. एखादा आईच्या गर्भाशयात सोडतात, बाकीचे गोठवून पुढच्या वेळेसाठी टाकीत ठेवतात. जगभर त्यांना उरलेले भ्रूण म्हणतात. ताईंच्या विभागात तो शब्द कुणी उच्चारायचा नाही. "उरतो तो भात," त्या म्हणतात, "हे राखलेलं आहे." मी एकदा चुकून बोलले, तर दिवसभर माझ्याशी फक्त इंग्रजीत बोलल्या. ताईंच्या रागाची ही ठरलेली खूण आहे, विभागातल्या सगळ्यांना ती पाठ आहे.

एरवी त्यांची भाषा अस्सल इंदुरी. पणजोबा संस्थानच्या कचेरीत होते, म्हणजे चार पिढ्या इथेच गेल्या. पुण्याचे एक मोठे प्राध्यापक विभाग बघायला आले आणि उभ्या उभ्याच प्रश्न विचारू लागले. ताई म्हणाल्या, "सर, पहले बसा तर, मग आरामसे बोलू." सर दचकून बसले. जाताना मात्र म्हणाले, इतकी नेटकी प्रयोगशाळा मी पाहिली नाही. ताईंनी ते ऐकून न ऐकल्यासारखं केलं आणि मग आठवडाभर सगळ्यांना सांगितलं.

आता ज्योतीबद्दल सांगते, कारण ताई म्हणजे काय हे मला तिच्यामुळे कळलं. ज्योतीचे सासरे मिलमध्ये होते, नवरा संजय मिळेल ते काम करायचा. लग्नाला बरीच वर्षं होऊनही मूल नव्हतं, तेव्हा ती आमच्याकडे आली. पहिल्याच प्रयत्नात मुलगा झाला, पण उपचारात तिच्या पोटात पाणी झालं आणि जीव थोडक्यात वाचला. ताईंनी तिला स्वच्छ सांगितलं, "तुझी बीजं काढायचा खटाटोप पुन्हा करायचा नाही. पण दोन भ्रूण राखलेत. दुसरं मूल हवं वाटलं तर यांच्याकडूनच." म्हणजे ज्योतीची सगळी आशा त्या दोघांवर होती.

तिच्या सासूबाईंनी विचारलं, टाकीत थंडी किती असते? ताईंनी सांगितलं, शून्याच्या खाली जवळजवळ दोनशे.  पुढच्या खेपेला सासूबाईंनी लाल लोकरीची एक इवलीशी टोपी विणून आणली. "आत घालता येत नसेल तर जवळ तरी ठेवा," म्हणाल्या. मला हसू फुटलं. ताई हसल्या नाहीत. त्यांनी दोन्ही हातांनी टोपी घेतली, निर्जंतुक करवून पारदर्शक पिशवीत घातली आणि टाकीच्या वर भिंतीला खिळा मारून तिथे टांगली. तपासणीला आलेल्या साहेबांनी विचारलं, "ये क्या है, मॅडम?" ताईंनी गंभीरपणे सांगितलं, "टाकी की टोपी है, सर." साहेब पुढच्या खोलीकडे वळले.

काही वर्षं गेली. सरकारी योजनेतली साठवणीची मुदत संपत आली आणि रुग्णालयानं सगळ्या जोडप्यांना पत्रं पाठवली: ठेवायचे, वापरायचे की काढून टाकायचे? बहुतेकांनी उत्तरं दिली. ज्योतीचं आलं नाही, तिचा फोनही लागेना. रुग्णालयाच्या समितीच्या बैठकीत एक वरिष्ठ अधिकारी म्हणाले, "मॅडम, जागा कमी आहे. उत्तर नाही म्हणजे त्यांना नकोच असणार. सायलेन्स म्हणजे कन्सेंटच ना?"

ताई म्हणाल्या, "सर, तुमच्या मुलीला स्थळ आलं आणि ती गप्प बसली, तर तुम्ही लगेच मांडव घालता का?"

खोलीत कुणीतरी खोकलं. शेवटी ताईंना रंगपंचमीपर्यंतची मुदत मिळाली. दुसऱ्या दिवशी पुन्हा बैठक आणि मग टाकीतली जागा मोकळी करायची, असं ठरलं.

ताईंनी मिलजवळचं जुनं घर गाठलं, तर दाराला कुलूप. शेजारच्या काकू म्हणाल्या, "ते तर कब के सिमरोलला शिफ्ट झाले. कॉलेजच्या मेसमध्ये लागला ना संजय." हे कळेस्तोवर रंगपंचमी उजाडली. त्या दिवशी सगळं इंदूर गेर, म्हणजे रंगांची मिरवणूक, बघायला राजवाड्याकडे धावतं. आणि आम्ही दोघी उलट्या दिशेला, शहराबाहेरच्या सिमरोलकडे, माझ्या स्कूटरवर, ताई मागे. मी कुरकुर करत होते, खोटं कशाला सांगू. भंवरकुआंच्या चौकात कोचिंगच्या पोरांनी आम्हाला अडवलं, "आंटीजी, बुरा मत मानना," म्हणत डोक्यापासून पायांपर्यंत गुलाबी केलं. ताईंनी चष्मा पदराला पुसला आणि म्हणाल्या, "झालं का भिया? आता रास्ता द्या."

सिमरोलला ज्योतीनं दार उघडलं, तर आधी ओळखलंच नाही. मग एकदम म्हणाली, "अरे, मॅडमजी!"

"ज्योती, तुझं उत्तर आलं नाही," ताई उंबऱ्यातूनच म्हणाल्या.

"कशाचं उत्तर?"

पत्र जुन्या घरी गेलं होतं, फोनचं सिम बदललं होतं. सगळं सांगून झाल्यावर ताईंनी विचारलं, "पण इतक्या वर्षांत तू स्वतः एकदाही विचारायला आली नाहीस?"

ज्योतीला या प्रश्नाचं खरंच नवल वाटलं. "त्यात विचारायचं काय, मॅडमजी? तुमच्याकडे ठेवलेत ना. माहेरी ठेवलेल्या दागिन्यांची कोणी रोज चौकशी करतं का? आईला वाटेल, पोरीचा भरोसाच नाही."

  ताईंनी ज्योतीचा हात धरला आणि म्हणाल्या, "बाई गं, हे माहेर सरकारी आहे. इथे सही लागते."

सासूबाई मोठ्यानं हसल्या, आणि हसता हसता त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. ताईंनी मग संजयलाही बसवून तिन्ही पर्याय समजावले. "नको म्हणालात तरी मी तितक्याच आनंदानं ऐकीन," असं दोनदा सांगितलं. संजयनं ज्योतीकडे पाहिलं, ज्योतीनं त्याच्याकडे. "हवेत," ती म्हणाली. "पैशांचं, जागेचं जमेना म्हणून थांबलो होतो. आता जमतं." संजय शर्टाची बटणं लावत म्हणाला, "लगेच चलू का, मॅडमजी?"

"आज गेर आहे, वाट नाही मिळणार. उद्या या," ताई म्हणाल्या, आणि परतीच्या वाटेवर मागे बसून चक्क गुणगुणत होत्या.

दुसऱ्या दिवशी ज्योती आणि संजय समितीपुढे उभे राहिले आणि त्यांनी तोंडानं सांगितलं, "आम्हाला हवेत." त्या वरिष्ठ अधिकाऱ्यांनीच त्यांना खुर्ची दिली. त्या बैठकीतच ठरलं की, जोडप्याचं म्हणणं त्यांच्या तोंडून ऐकल्याशिवाय टाकीतून काही काढायचं नाही, आणि कुणी सापडत नसेल तर त्याच्या घरी जायचं. आज हा आमच्या विभागाचा नियम आहे. बाहेरच्या शहरांतून लोक तो शिकायला येतात, आणि मला तो सांगताना अजून अभिमान वाटतो.

हा नियम काही एकाच बाजूचा नाही. लालबागजवळ राहणारं एक जोडपं येऊन म्हणालं, "आम्हाला आता पुढे न्यायचं नाही." बायको फार अवघडली होती, जणू तिला कुणी रागावणार होतं. ताईंनी "पुन्हा विचार करा" म्हटलं नाही. त्यांच्यासाठी चहा मागवला, तिच्या शेजारी येऊन बसल्या आणि तिला हवं तितकं रडू दिलं. ते जोडपं अजून दिवाळीला फराळ घेऊन येतं.

ज्योतीचे भ्रूण टाकीतून मी बाहेर काढले. पहिला टिकला नाही. मी टाकीचं झाकण लावून मागे सरले. ताई बाहेर गेल्या, ज्योतीला जसं होतं तसं सांगितलं आणि परत येऊन माझ्या मागे उभ्या राहिल्या. "हं, बरणी उघडा," एवढंच म्हणाल्या. दुसरा टिकला. पुढे तिला मुलगी झाली, आणि त्या दिवशी आमच्या विभागात जो आनंद झाला तो मला लिहिता येणार नाही. ताईंनी पेढे वाटले, आणि शेवटचा पेढा टाकीपुढे ठेवून मग स्वतः खाल्ला.

घरी जाण्याआधी ज्योती लेकीला घेऊन विभागात आली. ताईंनी खिळ्यावरची पिशवी काढली, लाल टोपी बाहेर घेतली आणि बाळाच्या डोक्यावर घातली. ती भुवयांपर्यंत आली. सासूबाई म्हणाल्या, "माझीच चीज मला परत देता का?" ताई म्हणाल्या, "माहेरून लेकीला रिकाम्या हातानं कसं पाठवणार?"

ताई आता साठ वर्षांच्या झाल्या. त्यांना निरोगी, दीर्घ आयुष्य लाभो असं आम्ही सगळे मनापासून इच्छितो. पण माझं एवढ्यानं भागत नाही, म्हणून जरा हट्टानं मागते. ताई, भिंतीवरच्या त्या खिळ्यावर ज्योतीच्या सासूबाईंनी विणून पाठवलेली नवी हिरवी टोपी आता लटकते आहे. टाकीत अजून कितीतरी जणींचं ठेवलेलं आहे, आणि त्यांतल्या कुणी विचारायला येत नाहीत, कारण तुम्ही आहात. त्या न्यायला येतील तेव्हा दारात तुम्हीच असायला हव्यात.